पासलीला गेलेल्या ओट्सच्या वड्या

॥ श्री भैरवनाथ प्रसन्न ॥

(डब्याच्या तळाशी, बटरपेपरखाली)

भोर, शनिवार, ता. ४ जानेवारी २०२५

चि. वर्षाराणीस आईचे अनेक आशीर्वाद.

हे पत्र वाचून झालं की चुलीत घाल. तुझ्या सासूबाईंना लिहिलेलं पत्र वेगळं आहे, ते वड्यांच्या वर ठेवलंय.

परवा तू माळावरच्या टाकीजवळून फोन केलास त्यातलं निम्मं वाऱ्यात गेलं. पण वनरक्षकाच्या भरतीचा फॉर्म भरलास, सात फेब्रुवारीला मैदानी चाचणी आहे आणि तीन किलोमीटर पळायचंय, एवढं कळलं. कुमाररावांनीच फॉर्म भरून दिला हे ऐकून बरं वाटलं. मैदानी पार पडेपर्यंत सासूबाईंना सांगायचं नाही, ही तुझी अट मात्र मला जड जाते. पण लग्नात त्या सगळ्यांदेखत म्हणाल्या होत्या, "सुनेनं शेळ्यांमागं धावावं, नोकरीमागं कशाला?" ते मी विसरलेली नाही. म्हणून गप्प बसते.

तू सांगितलेल्या ओट्सच्या वड्या केल्या. मोबाईलवरच्या तुझ्या त्या बाईनं बदाम, मध आणि कसलंसं लोणी घालायला सांगितलंय. तिचा नवरा मिळवत असेल. मी शेंगदाण्याचा भरड कूट, तीळ, जवस आणि सुंठ घातली. ओट्स कोरडेच खमंग भाजून घेतले. पाकात मात्र हात चुकला. चिक्कीचा गूळ वापरला आणि पाक पुढं गेला. ह्यांनी एक वडी तोंडात टाकली आणि अर्धा तास बोलले नाहीत. घरात इतकी शांतता गणपती उठल्यावरसुद्धा नसते.

डबा एसटीनं कापूरहोळला कुमाररावांच्या गॅरेजवर जाईल. तिथून शनिवारी घरी येताना ते आणतील. देवाला नैवेद्य दाखवून मगच वड्या भरल्यात आणि देवाला खरं काय ते सांगितलंय, म्हणजे पाप निम्मं झालं. ओट्सचं पाकीट वहीत किराण्याऐवजी देवधर्म खात्यावर टाकलं. नैवेद्य दाखवला म्हणजे ते खोटं नाही.

रोज पळ. शेळ्या आहेतच सोबतीला.

तुझी आई


(वड्यांच्या वर)

भोर, ता. ४ जानेवारी

विहीणबाई सगुणाबाई यांस सुलक्षणाचा नमस्कार.

तुमच्याकडं सगळे खुशाल असतील. पत्रास कारण की, वर्षाला हल्ली थोडा थकवा येतो असं तिच्या बोलण्यावरून वाटलं. म्हणून पौष्टिक वड्या केल्यात. तुम्हीही चाखून बघा. मात्र रोज सकाळी एक आणि रानात जाताना एक, अशी तिला आठवणीनं द्या. ती मागायला लाजते.

फार काळजीचं काही नाही.

तुमची,
सुलक्षणा


पासली, ता. १२ जानेवारी, आयतवार

सुलक्षणा विहीणबाईस सगुणाबाईचा रामराम.

म्या चौथी शिकले, तवा अक्षर समजून घ्या. मोबाईल घरात लागत न्हाई. माळावर जाऊन बोलावं तर निम्मी वाडी कान देती, त्यापरीस कागद बरा.

वड्या पोचल्या. म्या एक चाखली. चाखली म्हंजे चावाय गेले. दाढ हालली. मंग खलबत्त्यात कुटली, तवा कळलं की चव झ्याक हाय. म्हातारपनी तुमच्या वडीसाटी खलबत्ता घिऊन हिंडायचं का? पुढच्या टायमाला जरा मऊ करा.

रिकामा डबा धाडायची आमच्यात रीत न्हाई. ह्यात औंदाचा इंद्रायणी घातलाय. कुमार कुरकुर करतो, "मी मेकॅनिक हाय का पोस्टमन?" म्हनलं, सासरचा डबा न्याला नशीब लागतं.

आता एक कळंना. तुमी म्हनता, पोरीला थकवा हाय. हितं तर ती शेळ्या घिऊन वाऱ्यावानी जाती. म्या आवाज दीस्तवर टेकाडापल्याड. सांजच्याला शेळ्या जिभा काडून पडत्यात, दूध बी निम्म्यावर आलं. थकवा पोरीला हाय का शेळ्यांना, ते नीट लिवा.

सगुणाबाई


भोर, ता. १८ जानेवारी

विहीणबाईंना नमस्कार.

तांदळाचा वास स्वयंपाकघरभर झाला. पहिला भात भैरवनाथाला दाखवला.

या खेपेला पाक केलाच नाही. खजूर थोड्या पाण्यात शिजवून घोटला, त्यात साधा गूळ नुसता विरघळवला आणि गरम असतानाच ओट्स आणि दाण्याचा कूट कालवून ताटात थापलं. गार झाल्यावर वड्या पाडल्या. दात नसलेल्यालाही चालतील. ह्यांनी तीन खाल्ल्या आणि बोलणं चालूच ठेवलं, तेव्हा ही परीक्षा पास समजा.

थकव्याचं म्हणाल तर तो वरून दिसत नाही. आतून असतो. सकाळी उठल्या उठल्या रिकाम्या पोटी राहू देऊ नका. तिला फार खोदून विचारूही नका. काही गोष्टी वेळ आली की आपोआप कळतात. तुम्ही जाणत्या आहात, मी काय सांगणार?

सुलक्षणा


पासली, ता. १९ जानेवारी

सुलक्षणा विहीणबाईस रामराम.

तुमी उघड लिवलं न्हाई. पर आता समदं कळलं.

काल कुमार डबा घिऊन आला तवा हळदीकुकवाच्या बाया ओसरीवर बसल्या व्हत्या. आमची शेजारीन साळूबाई, तिची नजर लई बारीक. डबा बगितला आन् म्हनली, "सगुणा, म्हायेरचं गोड, ते बी दर शनवारी, आन् ते बी एकट्या सुनंला. तुजं डोळं कुठं हायेत गं?"  मंग तुमचं पत्र वाचलं. सकाळी रिकामं पोट नको. खोदून इचारू नका. येळ आली की कळंल. आवं, ह्याला का मॅट्रिक व्हावं लागतं? म्या चार बाळंतपनं काडल्यात.

आमच्याकडं पहिलं तीन म्हैने ही गोष्ट पोटुशा बाईम्होरं तोंडातनं काडत न्हाईत. म्हनून सुनंला न इचारता कुमारला कोपऱ्यात घेतला. "काय रं, खरं हाय का?" त्याचं तोंड पडलं. म्हनला, "तुला कुनी सांगितलं?" म्हनलं, "तुज्या सासूच्या पत्रावरनं कळलं." तर म्हनतो, "आये, रागावू नगंस. आमी तुला सांगनारच व्हतो." आता ह्यात रागावन्यासारकं काय? म्या त्याच्या तोंडात गूळ कोंबला.

फकस्त येक वाईट वाटलं. तुमाला आदी कळलं, आमाला मागनं. आसू द्या.

तुमी काळजी करू नगा. आजपासनं शेळ्या माज्याकडं. तिला खाटंवरनं पाय खाली ठिवू देत न्हाई. डब्यात तूप धाडलंय.

तुमची,
आज्जी व्हनारी सगुणाबाई


(वड्यांच्या वर)

भोर, ता. २५ जानेवारी

प्रिय विहीणबाई,

तुमचं पत्र वाचून देवापुढं साखर ठेवली आणि अर्धा तास तिथंच बसले. डोळ्यांतलं पाणी थांबेना.

होय, मला आधीच ठाऊक होतं. आईला कळतंच ना! पण तुमचा मान आधी, म्हणून तुमच्या तोंडून निघेपर्यंत गप्प होते.

तीळ आणि जवस उष्ण, म्हणून या खेपेला दोन्ही वगळले. ओट्स तेवढेच ठेवून खारकेची पूड, तळलेला डिंक आणि खसखस घातली. या वड्या तिच्या एकटीच्याच. तुम्ही खाऊ नका, झोप येईल.

सुलक्षणा


(बटरपेपरखाली)

वर्षे,

तुझ्या सासूबाईंना ठाऊक, कुमाररावांना ठाऊक, शेजारच्या साळूबाईला ठाऊक. फक्त जन्म दिला तिला ठाऊक नाही! मला त्यांच्यापुढं खोटं लिहावं लागलं की मला आधीच माहीत होतं.

आता पळणं बंद. नोकरी कुठं पळून जात नाही, पुढं निघेल भरती. मी भैरवनाथाला तुझ्या नोकरीसाठी नारळ बोलले होते. त्यानं दुसरंच पदरात घातलं. त्याच्याकडं बदलून मागायची सोय नसते. जे दिलं ते डोक्याला लावायचं.

चढ चढू नकोस. वाकू नकोस.

आई


पासली, २६ जानेवारी

आई,

मला दिवस गेलेले नाहीत.

तुझ्याच पत्राच्या मागं लिहिते, कारण दुसरा कागद शोधायला खाटेवरून उतरले तर आत्या ओरडतील. आठ दिवस मी इथं पडून आहे. शेळ्या काढून घेतल्या तेव्हा वाटलं, मी त्यांना पळवते ते कळलं म्हणून रागावल्या असतील. पण रागावलेली सासू कुणाला वाटीभर तूप पाजते का? दोनदा विचारलं, "आत्या, असं का?" तर तोंडावर बोट ठेवून हसतात. आत्या हसल्या की मला भीती वाटते.

आज साळूबाई सात-आठ बायका घेऊन आली आणि माझी ओटी भरली. तिथं मला कळलं! तुझी चिठ्ठी त्यानंतर हाती आली. मी "अहो, नाही, नाही" म्हटलं, तर साळूबाई म्हणते, "पहिल्या टायमाला समद्या असंच म्हनत्यात." कुमारला विचारलं तर तो म्हणतो, "मला वाटलं आईला भरतीचं कळलं. तिनं गूळ भरवला, मी खाल्ला." असला नवरा आणि असली आई असल्यावर वैरी कशाला पाहिजे मला?

तू तरी एकदा मला विचारायचंस! उलट तू आत्यांना लिहिलंस की तुला आधीच ठाऊक होतं. आता मी काहीही बोलले तरी त्या म्हणतात, "तुज्या आईनं लिवून दिलंय."

मैदानीला बारा दिवस राहिलेत. तुझ्या खजुराच्या वड्या आणि आत्यांचं तूप खाऊन पोटऱ्या लोण्यासारख्या झाल्यात. आई, ही माझी शेवटची संधी आहे. पुढच्या वर्षी माझं वय बसत नाही. एवढं करून मी पळालेच नाही, तर आयुष्यभर शेळ्यांमागं जाताना मला हेच आठवेल.

पण आत्यांना मी सांगू शकत नाही. काल त्या ओसरीवर बसून जुनं लुगडं धुऊन, मऊ करून दुपट्याला फाडत होत्या. गुणगुणत होत्या. मी त्यांना गुणगुणताना कधी ऐकलं नव्हतं. 

तू लिहिलंस, तूच निस्तर.

वर्षा


भोर, मंगळवार, ता. २८ जानेवारी

विहीणबाई सगुणाबाई यांस.

आज डब्यात एकच पत्र आहे. बटरपेपर उचलून बघितलात तरी खाली डब्याचा तळच दिसेल. याआधी मात्र खाली दुसरं पत्र असायचं.

वर्षा पोटुशी नाही. तिला थकवाही नव्हता. तो मी लिहिला. तिनं वनरक्षकाच्या भरतीचा फॉर्म भरलाय, सात फेब्रुवारीला तिला तीन किलोमीटर पळायचंय आणि त्यासाठी ती तुमच्या शेळ्यांमागं सराव करत होती. दूध आटलं त्याचं कारण ते. वड्या पळण्यासाठी होत्या. तुम्ही नको म्हणाल या भीतीनं आम्ही तिघांनी तुम्हाला अंधारात ठेवलं आणि तुम्ही बिचाऱ्या आमच्या खोट्याचा सगळ्यात चांगला अर्थ लावलात. मला आधीच ठाऊक होतं, असं मी लिहिलं, तेही खोटं. तुमच्या मागं राहायला नको म्हणून लिहिलं. आपण दोघींनी मिळून एक नातवंड नुसत्या कागदावर जन्माला घातलं आणि पोरीला खाटेला जखडलं.

रागवायचं ते माझ्यावर रागवा. पण तिला पळू द्या. यंदा चुकलं तर पुढं तिचं वय बसणार नाही. तीळ आणि जवस घातलेल्या पहिल्या वड्या पुन्हा केल्यात. हा डबा घेऊन मी सकाळच्या एसटीनं स्वतः कापूरहोळला जातेय, आणि कुमाररावांना सांगणार आहे, गॅरेज राहू दे, आज घरी जा.

देवाला मी रोज खरं सांगत होते. आज वाटतं, आधी तुम्हाला सांगायला हवं होतं.

सुलक्षणा


भोर, शनिवार, ता. १ फेब्रुवारी

विहीणबाई,

डबा आला. रिकामा. घासून, पुसून, कोरडा करून पाठवलेला. कुमाररावांनी तो माझ्या हातात दिला आणि "गाडीचा ब्रेक बघायचाय" म्हणून न बसता निघून गेले. मी झाकण तीनदा उघडून बघितलं.

मला जे कळायचं ते कळलं. तरीही वड्या भरून पाठवते आहे. घ्यायच्या नसतील तर शेळ्यांना घाला, त्यांचंही देणं आहे.

सुलक्षणा


पासली, ता. ९ फेब्रुवारी, आयतवार

सुलक्षणा विहीणबाईस सगुणाबाईचा रामराम.

रिकामा डबा म्या जानून धाडला. नीट घासून, की तुमाला त्यात तुमचं तोंड दिसावं. लग्न झाल्यापास्नं ह्या घरातनं रिकामं भांडं गेलं न्हवतं. त्ये येकदाच गेलं.

राग नातवंडाचा न्हवता. बाळ काय, व्हईल तवा व्हईल. राग ह्याचा, की वरचं पत्र माजं आन् खालचं खरं. मी सासू हाय, तलाठी न्हाई, की माज्यापासनं कागद लपवावा! लग्नात म्या बोलले ते बोलले. पन्नास मानसं जमल्यावर सासू काई तरी बोलतीच. ते तुमी दोन वरसं धरून बसला?

दोन दिस म्या सुनंशी धड बोलले न्हाई. पर सराव चुकू दिला न्हाई. बुधवारी सकाळी दावनीच्या शेळ्या सोडल्या आन् ती खाटंवर टुकूटुकू बगत व्हती तिला म्हनलं, "ऊठ. पळ." ती रडाय लागली. म्हनलं, "रडत पळ, पर पळ."

आता ती पदर खोचून टेकाड चडती आन् मागं शेळ्या, त्ये साळूबाईनं बगितलं. बोंबलत आली. "सगुणा, पोटुशी बाई पळवतीस? तुला दया-माया?" म्हनलं, "डाक्टरनं सांगितलंय." तर वाडीतल्या दोघी पोटुशा बाया दुसऱ्या दिशी इचारायला आल्या, आमी बी पळायचं का म्हनून. मंग मातूर म्या समद्यांना बोलवून खरं त्ये सांगितलं. खोटं बोलनं तुमाला जमतं, मला झेपत न्हाई. ओटीचं नारळ परत द्यायची रीत न्हाई, त्ये घरातच हायेत.

आता सात तारकंचं.

कुमार म्हनला, मी नेतो. म्हनलं, तू गूळ खा, म्या जाते. पहाटंच्या गाडीनं दोघी गेलो. मैदानाच्या फाटकात शिपायानं मला अडवलं. म्हनला, "आजी, तुमची भरती हाय का?" म्हनलं, "वय बसलं असतं तर तुला दावलं असतं." मंग म्या तारंच्या कुंपनाभाईर उबी ऱ्हायले. आतल्या पोरी बगितल्या. येकेक हरनीवानी, पायात रंगीत बूट. कुनी केळं खातंय, कुनी चकचकीत कागदातलं इकतचं काय बाय. आमच्या पोरीनं तुमच्या वडीची अर्धी मोडली आन् अर्धी कुंपनातनं माज्या हातात दिली.  म्हनलं, "बूट नीट बांद."

शिट्टी झाली. पयले दोन फेरे ती म्होरल्या पोरींत व्हती. तिसऱ्याला मागं पडाय लागली. तोंड पांढरं. आठ दिस खाटंवर पडली व्हती, ती आता पायात आली. म्या मनात म्हनलं, सगुणा, हे तुजं तूप पळाय लागलंय. ती माज्याम्होरनं गेली तवा पाय वडत गेली आन् मान खाली. मला ऱ्हावलं न्हाई. शेळ्या मागं ऱ्हायल्या की घालते तशी हाळी घातली, कुंपनाला दोनी हात धरून, पोटातनं.  शिपाई धावत आला. आन् विहीनबाई, पोरीनं मान वर केली आन् अशी सुटली, अशी सुटली, की माज्या डोळ्याला पानी आलं म्हनून शेवट नीट दिसलाच न्हाई. बाजूच्या मानसाला इचारलं, "संपली का? माजी कुठं हाय?" त्यो म्हनला, "आजी, तुमची चौथी आली. येळंत बसली."

मैदानी पास. आता कागदपत्रं, डाक्टरी, काय काय हाय म्हनं. निघंल तवा निघंल. पळायचं ती पळाली.

परतीला कापूरहोळला उतरलो. च्या घेतला आन् म्या ती हातातली अर्धी वडी खाल्ली. मऊ झाली व्हती, मुठीत दाबून धरल्यानं.

आज सकाळी साळूबाई आली. ओसरीवर टेकली. मंग म्हनली, "माजी सून बारावी झालीया. तिला बी धाड की तुज्या सुनंसंगट टेकाडावर." तिच्या मागनं आणखी दोघी आल्या. समद्यांना वड्या पायजेत, आन् समद्यांना शिकून बी घ्यायच्यात. पाक कसला, खजूर किती, म्या काय सांगनार?

तवा आता डबा नगं. चार सुनांचं त्यात मावनार न्हाई. तुमीच या. कुमार आनायला येतो.

तुमची,
सगुणाबाई